ट्रंकेतली जपानी तलवार

बाबा, आज अमरावतीत शस्त्रांचं प्रदर्शन पाहून आले आणि तशीच लिहायला बसले. तुर्कांची वाकडी, रोमनांची आखूड, युरोपातली दोन्ही हातांनी पेलायची, आपला खांडा, पट्टा, सगळं ओळीनं मांडलेलं. कोणती तलवार एका घावात मुंडकं उडवते, ते माहिती देणारा पोरगा लुगड्याचा पोत सांगावा तसं सांगत होता. लोक 'बापरे' म्हणत पुढे सरकत होते. शेवटी जपानी तलवार आली आणि मी तिथेच थबकले. आपल्या ट्रंकेतल्या तलवारीसारखीच लांब मूठ, तशीच तिच्यावरची दोरीची वीण.

तुम्ही फौजेतून परत आलात आणि अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदार झालात. बर्मातून बिस्तऱ्यात गुंडाळून आणलेली ती तलवार दर दसऱ्याला माय ट्रंकेतून काढायची, चिंच नि राखेनं भांड्यासारखी घासायची, कुंकू लावायची, आणि तुम्ही नेमके तेव्हाच बाहेर निघून जायचात. आपण बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ती पूजा बंद झाली. मला मात्र चैन पडेना. गुरख्यांची कुकरी, बर्मी लोकांचा दा नावाचा लांब सुरा, यांच्या गोष्टी चाळीतली पोट्टी तुमच्याकडून ऐकायची, पण आपल्या तलवारीबद्दल तुम्ही चकार शब्द काढत नव्हतात. एका दुपारी मीच ती अंगणात उपसली आणि सगळ्यांसमोर ओरडले, "माह्या बाबानं ह्यानंच जपान्याले कापलं!"

तुम्ही कामाची पाळी संपवून मागे येऊन उभे होतात. मारलं नाहीत. तलवार काढून घेतलीत आणि तिथेच मातीत बसलात.

"कोनाले नाई कापलं मी. जखमी होता तो, झाडाखाली पडून. तुह्या मामाएवढा. त्यानं ओंजळ धरली, पाणी मांगे. आपन गावात पाटलाच्या इहिरीवर धरत होतो नं, तशीच. अन् मी वतलं त्याच्या ओंजळीत. हातभर वरून. माह्या बाटलीले त्याचा हात लागू नये म्हनून."

माय दारात येऊन थांबली होती.

"मंग त्यानं मान झुकवली, तलवार माह्याकडे सरकवली. सांजेले गेला तो. मले काहून असं सुचलं असंन, पोरी? कोनी सांगतलं होतं मले तसं वताले?"

तुम्ही माणूस मारून आला असतात तर मी चाळभर मिरवले असते. तुम्ही पाणी पाजलंत आणि मी हादरले. दुसऱ्या दिवशी तुम्ही तलवार ठाण्यात जमा करून आलात. त्यानंतर घरात तिचं नाव निघालं नाही.

आज त्या काचेसमोर मला घेरी आल्यासारखं झालं. माहिती देणाऱ्या त्याच पोरानं खुर्ची दिली, स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. "घ्या नं आजी, तोंड लावा, काई नाई होत." मी शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई, बाबा. आयुष्यभर वर्गातल्या सगळ्या पोरांना एकाच माठाचं, एकाच पेल्यानं पाणी प्यायला लावलं.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. त्याचं बोलणं संपायच्या आधीच माझी ओंजळ झाली होती.