तिसऱ्या गाण्यातला आवाज

पुणे, ६ जानेवारी २०२५

ती. नीलम्मा मावशीस,
महेश्वरचा सा. न. वि. वि.

तुझा फोन बंद असतो म्हणून पत्र. आमच्या 'वखार' बँडचा नवा अल्बम आला. पाच वर्षं गिटार बडवून आम्हालाच आमचा कंटाळा आला होता. या वेळी सगळा गोंगाट काढला आणि तिसऱ्या गाण्यात एकच आवाज ठेवला. तुझा. पायल गेली त्या दिवशी मैंदर्गीच्या अंगणात तू कानडीत गाऊन रडलीस, ते मी फोनवर टिपलं होतं. विचारायचं राहून गेलं. इथं कानडी कुणाला कळत नाही, तरी लोक डोळे मिटून ऐकतात. ड्रमर सयाजी म्हणतो, मावशीनं आपल्याला वाचवलं.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
महेश्वर

सोलापूर, १९ जानेवारी

चि. महेश्वरास,
नीलम्माचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. त्याआधीच नवी पेठेत एका दुकानात पोरं तेच लावून बसलेली. परकर घ्यायला गेले होते, तशीच परत आले.

त्या दिवशी तू खांबाला टेकून, छातीशी हात धरून उभा होतास. एवढ्या पुरुषांत हा एकच माझ्यासंगं रडतोय, असं वाटलं. फोन होता व्हय तो.

पुण्यात शब्द कळत नसतील. मैंदर्गीत सगळ्यांना कळतात. तुलाबी कळतात की. मार खाऊन माझी लेक पायल माझ्या दारात आली आणि मी तिला घरात घेतलं न्हाय, सासरी परत धाडलं. चौथ्या दिवशी विहिरीत सापडली. परत धाडलं ते मी तिला सांगत होते, जगाला न्हाय.

जावयावर, अनिलकुमारवर, केस चालू हाय. त्याचा वकील म्हणतो, सासरी छळ नव्हता, आईनंच झिडकारलं म्हणून पोरीनं जीव दिला. त्याला पुरावा मिळेना. आवाज कुणाचा हे अजून कुणाला नक्की ठाऊक न्हाय, तवर काढून टाक. दुसरं काय मागत न्हाय.

तुझ्यावर माया हाय, तिला जप.

नीलम्मा

पुणे, २ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडलो. पण गाणं काढता येत नाही. बाकीचे तिघे ऐकत नाहीत, पुढचे सगळे कार्यक्रम त्याच गाण्यावर ठरलेत. आणि खरं सांगू? ते काढलं तर अल्बममध्ये काही उरत नाही.

तुझ्यावर अन्याय नको म्हणून एक केलं. आजपासून गाण्याखाली तुझं पूर्ण नाव घातलंय, गावासकट, आणि त्याखाली 'पायलसाठी'. आता आम्ही तुझा आवाज चोरला असं कुणी म्हणणार नाही.

राग सोडावा, माया ठेवावी.

महेश्वर

सोलापूर, २८ ऑगस्ट

महेश्वर,

वकिलानं कोर्टात गाणं लावलं. खालचं नाव वाचलं आणि हा आवाज तुमचाच का, असं मला विचारलं. व्हय म्हणाले. कानडीचं मराठी करून सांगायलाबी मलाच लावलं, एकेक ओळ थांबवून. परत धाडलं ती ओळ त्यानं दोनदा वदवून घेतली. माराची ओळ त्या गाण्यात न्हायच.

काल अनिलकुमार सुटला. बाहेर आल्यावर सगळ्यांदेखत माझ्या पाया पडला आणि उपकार झाले म्हणाला.

नीलम्मा