यादी मिटायची नाही

तीर्थरूप आत्या,

वाकून नमस्कार. (खरोखर वाकलो होतो. टेबलाखालचं पेन उचलायला वाकलो तेव्हाच तुझी आठवण झाली, म्हणून तो नमस्कार तुझ्याच खाती धर.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढताना अजून मोजतेस का? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना, की शेजारणीला आठवण करायला सांगून दोघी मिळून विसरता? इथे आम्ही सगळे खुशाल आहोत. ताईचा दातांचा दवाखाना जोरात चालला आहे, आणि एका गुरुवारी तर तो जरुरीपेक्षा जास्तच जोरात चालला. त्याबद्दलच लिहायचं आहे. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच हसतेस आणि माझी लय तुटते. शिवाय तुझ्यासारख्या वडीलधाऱ्या माणसाला हाताने पत्र लिहिण्यात जो आदर आहे तो टाइप करण्यात नाही, असं माझं आजकाल मत झालं आहे.

तुला ठाऊकच आहे की घरोघरी, कचेरीकचेरीत संगणकावर जी सिस्टीम असते, तिला मी गेली अकरा वर्षं शिवलेलो नाही. हे मी अभिमानाने सांगतो. आमच्या ऑफिसात आम्ही सात जण प्रोग्राम लिहितो आणि सातही जण ती वापरत नाही. आमच्यातला दाढीवाला तर तिचं नावही घेत नाही, नुसतं 'ते' म्हणतो. तू विचारशील, एवढं काय वाकडं केलं आहे तिने तुमचं? ऐक. माणूस कामात गळ्यापर्यंत बुडालेला असताना ती स्वतःची डागडुजी काढते आणि 'बंद करू नका' असं बजावून अर्धा तास पडदा अडवून बसते. एक साधी गोष्ट बदलायची तर दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या सेटिंग असतात, एक नवी, एक जुनी, आणि हवी ती नेमकी तिसरीकडे. न मागता हवामान सांगते, बातम्या सांगते, खेळ सुचवते. एखादी फाईल काढून टाकायला जावं तर म्हणते, ही कुणीतरी उघडली आहे. कोणी, ते सांगत नाही. आपण घरात एकटे असतो, तरी उठून दाराकडे बघतो. आमच्या सिस्टीमचं तसं नाही. काळा पडदा, त्यावर एक ओळ, आपण हुकूम टाइप करायचा आणि तिने मुकाट्याने पाळायचा. चुकीचा हुकूम दिला तरी पाळते. (मागे मी तीन महिन्यांचं काम असंच एका ओळीत पुसून टाकलं होतं. तिने एका शब्दाने विचारलं नाही. याला म्हणतात सभ्यपणा.)

तर ताईने तीन महिन्यांपूर्वी मला विचारलं, की पेशंटना घरबसल्या वेळ ठरवता येईल असं काही करून देशील का. तू, ताईच्याही आधीपासून, एकोणतीस वर्षं ज्या काउंटरवर बसून वही चालवलीस, त्या काउंटरचं काम माझ्याकडे आलं, आत्या. मी छाती फुगवून हो म्हटलं. असा सुबक प्रोग्राम लिहिला की दाढीवाल्यानेही मान हलवली, आणि तो मान फक्त दुखली तरच हलवतो. पेशंटने आपल्या फोनवरून वेळ मागायची, प्रोग्रामने यादी बघून पहिली मोकळी वेळ द्यायची, यादीची नवी प्रत करून जुनीच्या जागी ठेवायची आणि पेशंटला कळवायचं, 'नोंद झाली.' माझ्या यंत्रावर मी तो दोनशे वेळा चालवला. दोनशे वेळा नोंद झाली.

दवाखान्यात मात्र 'ते' आहे. ताईचा काही इलाज नाही, दातांचे फोटो काढणारं तिचं यंत्र दुसऱ्या कशाशी बोलतच नाही. मी सोमवारी प्रोग्राम तिथे चढवला, दोन बोटांनी, नाक वर करून, आणि गुरुवारपासूनच्या वेळा लोकांना खुल्या केल्या. एकदा तरी तिथे चालवून बघायचा, हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण अकरा वर्षांचं व्रत एका दुपारसाठी मोडायचं माझ्या जिवावर आलं.

सोमवार गेला, मंगळवार गेला, यादी कोरीच. काउंटरवरच्या काकू (तू शिकवून तयार केलेल्या त्याच) ताईला म्हणाल्या, सगळ्यांचे दात बरे झालेले दिसतात. मी म्हटलं, नवीन गोष्ट रुजायला वेळ लागतो. गुरुवारी सकाळी दहाला एक पोस्टमन आला. त्याच्यामागे गाडी शिकवणारे मास्तर. मग एक निवृत्त मुख्याध्यापिका, कवळी रुमालात गुंडाळून. मग एक वकील, गाल एका बाजूने भोपळ्याएवढा. दहा वाजून पाच मिनिटांनी बाहेरच्या पाच खुर्च्यांवर नऊ माणसं होती आणि प्रत्येकाच्या फोनवर माझा निरोप होता, 'गुरुवार, सकाळी दहा. नोंद झाली.' वकिलांना नीट बोलता येत नव्हतं म्हणून मी बचावलो. मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र कवळी बसवली, मला उभं केलं आणि एका वेळेला नऊ माणसं बसवायचं गणित तोंडी सोडवायला सांगितलं. मला आलं नाही.

काय झालं होतं ते आता सांगतो. काकू सकाळी आल्या की पहिलं काम म्हणजे यादी पडद्यावर उघडून ठेवतात आणि घरी जाईपर्यंत मिटत नाहीत. आमची सिस्टीम असती तर म्हणाली असती, काकू वाचतायत ना, वाचू देत, मी मागून हळूच नवी यादी ठेवते. 'ते' तसं करू देत नाही. कुणी यादी धरून बसलं असेल तर तिच्या जागी दुसरी ठेवू देणार नाही म्हणजे नाही. त्यामुळे नवी यादी जागेवर गेलीच नाही, जुनी कोरी तशीच राहिली, आणि प्रत्येक नव्या माणसाला दहाची वेळ मोकळीच दिसत गेली.

मी ताईला हे सगळं समजावून सांगितलं. ती आत एकाचा जबडा उघडून उभी होती आणि मी दारातून त्या सिस्टीमचे बावीस दोष तिला क्रमवार ऐकवायला घेतले. माझ्या मते मी फार चांगला बोललो. खुर्चीतल्या माणसानेही पूर्ण वेळ आ वासला होता. विसाव्या दोषाच्या सुमारास ताईने हातातलं यंत्र बंद केलं आणि म्हणाली, "या खुर्चीत झोपलेल्या माणसाला मी कधी सांगते का, की चूक तुझ्या दाताची आहे?" मग म्हणाली, वही काढते, तुझा प्रोग्राम घेऊन जा. मी गयावया केली. (अभिमानाने केली.) तेव्हा तिने या सोमवारनंतरच्या सोमवारपर्यंत मुदत दिली. तोपर्यंत चालला तर चालला, नाहीतर वही ती कायमची.

मी उपाय सोपा सुचवला, काकूंनी यादी मिटून ठेवावी. काकूंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, "बाईंनी सांगितलंय, यादी मिटायची नाही. दारात आलेल्या माणसाचा दात दुखत असतो, त्याला आपण शोधाशोध दाखवायची नाही." मी म्हटलं, अहो, त्या बाई म्हणजे माझी सख्खी आत्या. त्या म्हणाल्या, मग त्यांचं पत्र आणा.

आत्या, खरं सांगतो, त्या क्षणी मी हरलो होतो, पण मला इतका अभिमान वाटला की घरी येईपर्यंत एकटाच हसत होतो. तुला तिथून निघून सहा वर्षं झाली आणि माझ्या तीन महिन्यांच्या कामाला तुझ्या एका वाक्याने लोळवलं.

असो. प्रकृतीला जप. गुडघ्याला तेल लाव, आणि मोजू नकोस.

तुझा,
शहाणा
(तू ज्या सुरात म्हणतेस त्याच सुरात वाचावं.)

ता.क. पत्र आदरापोटी लिहिलं हे खरंच, पण काकूंच्या नावाने दोन ओळी पाठवल्यास तर बरं होईल. 'यादी अधूनमधून मिटली तरी चालेल' एवढंच. सही ठळक कर.

ता.क. २. वरचं लिहून चार दिवस पत्र खिशातच राहिलं. त्या दोन ओळी पाठवू नकोस. यादी मिटायची नाही, हेच बरोबर आहे. झालं असं की मी अखेर तो प्रोग्राम 'त्या' सिस्टीमवर स्वतः चालवून पाहिला. आत्या, ती दर वेळी सांगत होती. नवी यादी ठेवता येत नाही, कुणीतरी उघडली आहे, असं तिने नऊच्या नऊ वेळा माझ्या प्रोग्रामला स्पष्ट कळवलं होतं. प्रोग्रामने ते ऐकलं नाही, कारण नकार ऐकायची ओळच मी लिहिली नव्हती. माझ्या सिस्टीमने मला अकरा वर्षांत या बाबतीत कधी नाही म्हटलं नव्हतं, त्यामुळे मी काहीही न बघता 'नोंद झाली' म्हणत सुटलो. बावीस दोषांपैकी एकवीस अजून कायम आहेत, पण हा माझा होता. आता नवी रचना केली आहे. यादी दिवसभर उघडी राहू दे, नोंद तिला धक्का न लावता होते आणि काकूंना पडद्यावर लगेच दिसते. ताईला सांगितलं, तर ती म्हणते, मला यातलं कळत नाही, आत्याने काउंटरवर बसून पास केलं तरच ठेवीन. तेव्हा ये. मी घ्यायला येतो, जिना चढताना हात देतो.

ता.क. ३. हाताने का लिहिलं, तेही सांगून टाकतो. चूक डोळ्यांनी बघायची म्हणून मी ती सिस्टीम माझ्या यंत्रावर माझीच्या शेजारी बसवली. तिने आत येऊन दाराचा ताबा घेतला, आता यंत्र सुरू केलं की तीच येते आणि माझी सिस्टीम आत कुठेतरी कोंडून पडली आहे. (दोष तेविसावा.) वरचं पत्र त्याच दिवशीचं आहे; टाइप करायचं तर तिच्यावरच करावं लागलं असतं. पाच दिवस मी तिच्यावरच काम करतो आहे. दाढीवाल्याला हे कळता कामा नये. तू मागे तुझ्या घरच्या यंत्रावर दाखवलेल्या, दोन-दोन बटणं एकदम दाबायच्या युक्त्या आठवतात तेवढ्या वापरतो, बाकीच्या आलीस की वहीत लिहून दे.

ता.क. ४. सोमवारी सकाळी दहाची वेळ तुझ्या नावावर लावली आहे. नोंद झाली. या खेपेला यादी उघडून पाहिली आहे.