पार्वताबाईची पाटी

अमरावती, पौष वद्य दशमी, शके १७८५

सौ. दुर्गेस आशीर्वाद. तेल्हाऱ्याला सगळी खुशाल असाल.

गेल्या शुद्ध एकादशीच्या सकाळी पूजा आटोपून मी पार्वताबाईसमोर पाटी ठेवली. आमच्या वखारीत कापूस निवडणाऱ्या बायांची अकरा लेकरं ती सांभाळते. त्यांची नावं लिहिता आली नाहीत, तर मुकादम तिला कामावरून काढणार होता.

"लेकरं मी रडण्यावरून ओळखते, भाऊ. अक्षरं तं रडतबी नाहीत!"

मग ती रोज एक लेकरू मांडीवर घेई आणि त्याचंच बोट धरून त्याचं नाव गिरवी.

आज अकराही नावं लिहिली! मुकादम म्हणाला, "राहू दे बाई, तूच सांभाळ." मला तर नाचावंसं वाटलं.

माझा खोकला कमी आहे. गाय व्याली का?

तुलाही शिकवायचं लग्नापासून वीस वर्षं मनात होतं. लोक काय म्हणतील म्हणून थांबलो. आपला लेक चंद्रभान हे पत्र वाचून दाखवील, तोच गिरवूनही घेईल. आज तुझं नाव लिहून नवी पाटी गाडीवानाबरोबर धाडली आहे.

किसनराव