आडवे सात आणि राहते घर

मी, खाली सही करणारी, चष्म्याच्या दुकानाची माजी मालकीण, आज पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही धाकाशिवाय माझ्या मिळकतीची ही शेवटची व्यवस्था लिहून ठेवीत आहे. माझ्या डोक्याबद्दल कोणाला शंका असेल तर आजच्या रविवारच्या पेपरातले कोडे टेबलावर आहे, ते पाहावे. एकही चौकोन रिकामा नाही.

१. राहते घर मी दुकानाच्या कमाईतून बांधले. ते आपल्यालाच मिळणार असे माझा धाकटा भाऊ धरून चालला आहे. माझ्या खोलीला कोणता रंग द्यायचा हेही त्याने ठरवले आहे. रंगाचे डबे आणले असल्यास त्याने ते परत करावेत. घर मी त्याच्या बायकोला, म्हणजे माझ्या भावजयीला, तिच्या एकटीच्या नावे देत आहे.

२. कारण सांगण्याची सक्ती नाही, पण मला सांगायचे आहे. वर्षअखेरच्या महाकोड्याशी मी आठवडाभर झुंजले. पूर्ण झालेले कोडे धाकट्याने माझ्या टेबलावरून उचलले, नावाच्या जागी स्वतःचे नाव घातले आणि पाठवून दिले. बक्षीस लागले आणि पेपरात त्याचा फोटो छापून आला. जाब विचारला तेव्हा म्हणाला, "घरातच आलं ना बक्षीस? नाव कुणाचं का असेना." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही.

भावजय नंतर भांडी आवरताना हळूच म्हणाली, "ताई, अक्षर तुमचं होतं, मी ओळखलं. पण मला यांच्याच जिवावर राहायचंय." यापुढे तिला कोणाच्याही जिवावर राहावे लागू नये. धाकट्याने या घरात राहावे की नाही, हे ती ठरवील.

३. रिकामे चौकोन मला बघवत नाहीत. तीन घरांचा शब्द अडला की तिथे पेन्सिलीने 'गाढव' लिहून मी पुढे जाते आणि खरा शब्द सुचला की खोडते. धाकटा दर रविवारी दुपारी, मी झोपले असे समजून, माझी उत्तरे उतरवून नेतो आणि वाचनालयात भाव खातो. महाकोड्यानंतर मी ठरवले, तो उतरवून जाईपर्यंत गाढव खोडायचे नाही. एकदा आडवे सात होते, 'राजाचा सल्लागार'. गाढवामुळे उभे शब्द पार मोडले होते, पण चोर कशाला उभे-आडवे ताडून पाहतो? वाचनालयात 'गाढव' या उत्तरावर कोणी शंका काढली, तेव्हा त्याने राज्यकारभारावर भाषण ठोकले आणि हा संपादकाचा बोचरा विनोद असल्याचे पटवून दिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

४. बँकेतील शिल्लक आणि माझे मोठे भिंग भावजयीला. पेपर प्रथम तिच्या हाती पडावा. शब्दकोश धाकट्याला. त्याच्या कडा माझ्या बोटांनी काळ्या झाल्या आहेत, पण माझे वापरायची त्याला सवय आहे.

५. बैठकीच्या खोलीत त्याने फोटोचे ते कात्रण चौकटीत लावले आहे. ते काढू नये. खाली ठळक अक्षरांत लिहावे: कोडे सोडवले थोरल्या बहिणीने.

सहीपूर्वीची नोंद: साक्षीदार म्हणून मी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकीच दोघांना, दातांच्या डॉक्टरांना आणि निवृत्त पोस्टमास्तरांना, मुद्दाम बोलावले. घर आपल्या नावावर होत असल्याच्या खात्रीने धाकट्याने त्यांना हसतमुखाने चहा आणून दिला आणि तो स्वयंपाकघरात गेला. मग दार लावून मी वरील सर्व मजकूर दोघांना वाचून दाखवला. तिसऱ्या कलमापाशी दोघांनीही कप खाली ठेवले. दातांच्या डॉक्टरांनी विचारले, "तुमच्या भावाला यातलं काही सांगायचं का?"

मी म्हटले, "नाही. रविवारी त्याने उत्तर सांगितलं की एवढंच विचारा, कसं सुचलं?"

मी अजून जिवंत आहे. तेवढी मजा माझी.

सही: थोरली बहीण

साक्षीदार: १. दातांचे डॉक्टर २. निवृत्त पोस्टमास्तर

ठिकाण: माझे टेबल

दिनांक: रविवार, कोडे पूर्ण झाल्यावर