टॅपेटची फट

रावेर, ५ जानेवारी २०२६

तीर्थस्वरूप नानामामा यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून भाच्याचं हे वेडंवाकडं अक्षर सोसा. ट्रकचं इंजीन मी घरीच खोललं, रिंगा-बेअरिंग बदलून पुन्हा बांधलं. मेघाने हौसेने नारळ फोडला, नि गाडी जी खडखडायला लागली ती थांबेचना! थरथरते, चढावर जीव टाकते. रुपचंदशेठ म्हणाले, महिनाअखेरपर्यंत गाडी आली नाही तर केळीची भरती कायमची दुसऱ्याला. गाडीशिवाय मला दुसरं काय येतं, नाना? काही सुचत नाही.

तब्येतीला जपा, नि या गाढवावर माया ठेवा.
आपला,
प्रेमराज


धुळे, ९ जानेवारी

चि. प्रेमराज यास अनेक आशीर्वाद.

बठ्ठं इंजीन एकट्याने खोललंस! शाबास रे पठ्ठ्या, आणि आता मामा आठवला होय? चाळीस वर्षं इंजिनांनी माझे कान खाल्ले. तिकडे येऊनही मला काय डोंबल ऐकू येणार! सांगतो तसं कर. इंजीन चालू ठेवून इंजेक्टरच्या पाइपांचे नट एकेक करून ढिले कर. ज्याने आवाज बदलणार नाही ते सिलिंडर मेलेलं. आणि टॅपेटची फट कशाने मोजलीस, तेही लिही.

तुझी मामी गेल्यापासून भाकरी मीच थापतो. तीही तुझ्या इंजिनासारखीच होते.

मेघाला आशीर्वाद.
तुझा मामा,
जीवराम


रावेर, १३ जानेवारी

ती. नाना,
सा. न. वि. वि.

सहाही नट ढिले करून पाहिले. दर वेळी आवाज बदलतो. मेलेलं एकही नाही, सगळीच कण्हतात. डिझेलच्या लाइनीतली हवा काढली, पंप पाहिला. मेघा म्हणते, विकून टाका. काल तिच्यासमोर रडलो, फार लाज वाटली.

फट तुमच्याच पात्यांच्या गेजने मोजली. मामींच्या तेराव्यानंतर तुम्ही पेटी दिलीत, तिच्यातलं. दसऱ्याला मामींनी हत्यारं पुजली तेव्हाचं ओल्या कुंकवाचं बोट त्या पात्यावर वाळून अजून तसंच आहे. ते खरवडलं जाऊ नये म्हणून पातं अलगद सरकेल एवढी फट ठेवली. एवढ्याने काय बिघडतं? आता आणखी कुठे शोधू?

लवकर लिहा, वाट पाहतो.
प्रेमराज


धुळे, १६ जानेवारी

चि. प्रेमराज यास आशीर्वाद.

अरे वेड्या, तिथेच तर बिघडलं! फट असते केसाएवढी, आणि तू बाराही टॅपेट कुंकवाच्या जाडीने ढिले ठेवलेस. मग व्हॉल्व्ह पुरते उघडत नाहीत आणि गाडी खडखडते. पातं डिझेलने पूस, इंजीन थंड असताना सगळे पुन्हा लाव. शेठला सांग, गाडी येते म्हणून.

तुला चांगला झापणार होतो. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती पाती दरसाल मीच पुसायचो. या खेपेला त्याच दिवशी ती गेली. पुढे पेटी उघडली की तिचं बोट दिसायचं, मला पुसवेना. म्हणून तर पेटी तुला देऊन टाकली. तू पुसून घेशील वाटलं. चूक माझी आहे, बाळा.

आता पूस. फडकं मात्र टाकू नको. इकडे येशील तेव्हा घेऊन ये.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा मामा,
जीवराम