कोल्ड रूममधले चार अंश

३ मार्च, सोमवार

माफ कर. पाच महिने तुला हात लावला नाही. शेवटची नोंद ऑक्टोबरमधली, तीही अर्धी — ‘उद्या सविस्तर लिहीन’ म्हणून सोडलेली! दिवसभर दुसऱ्यांना कागद भरायला शिकवायचं आणि घरी येऊन परत कागदच, असं वाटून टाळत गेले. आज सांगायला दुसरं कुणी नाही म्हणून आले. अडला हरी, तसं.

आज सावकाशताईची चाचणी होती. नापास झाली.

नीट लिहिते. आमच्या कंपनीची अकरा रेस्टॉरंट आहेत. तिथे शिफ्ट लीडर व्हायचं असेल त्याने माझ्याकडे सहा आठवडे शिकायचं आणि शेवटी एक शिफ्ट, सकाळी नऊ ते तीन, एकट्याने चालवून दाखवायची. स्वयंपाकघर, टेबलं, माणसं, तक्रारी — सगळं. मी कोपऱ्यात वही घेऊन उभी. तोंड उघडायचं नाही. खुणासुद्धा नाही. तीनला मोठे साहेब येतात आणि निकाल लागतो.

सावकाशताई हे तिला आचाऱ्याने दिलेलं नाव. सहा वर्षं भांडी घासण्याच्या मोरीवर आहे. काहीही सांगा, आधी मान हलवणार, मग विचार करणार, मग करणार. ‘ताई आल्या, घड्याळ थांबवा रे!’ — हे रोजचं. तिला हसू येतं, राग येत नाही. (मला पोरं मागे ‘यादीबाई’ म्हणतात. मला राग येतो.) भांड्यांची पाळी कायम संध्याकाळची असते आणि तिची आई अंथरुणाला खिळलेली. लीडर झाली की सकाळची पाळी, संध्याकाळ आईपाशी. बाकी काही नको होतं तिला.

अकरा वाजता ती तापमान बघायला कोल्ड रूममध्ये गेली. बाहेर आली. परत आत गेली, चांगली पाच मिनिटं थांबली. बाहेर आली ती आधी मान हलवत. “मॅडम, थर्मामीटर दहा दाखवतोय.” पाच अंशांच्या वर चालत नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी नियमाप्रमाणे भिंतीकडे पाहिलं.

मग ती आचाऱ्याकडे गेली — “चिकन, अंडी, दूध, सगळं बाद. आजचं जेवण भाज्यांवर आणि भातावर काढायचं.”

“अहो ताई, बाराला ऑफिसातली चाळीस माणसं यायचीत. त्यांना काय भात आणि शुभेच्छा वाढू?”

“शुभेच्छा मी वाढते. तुम्ही भात वाढा.”

आणि वाढल्या! एकेका टेबलाशी स्वतः गेली. ‘फ्रीज बिघडलाय, शंका असलेलं तुम्हाला देणार नाही’ — इतकं साधं. दोन टेबलं उठून गेली, बाकीची जेवली. चोवीस वर्षांत इतकी शांत दुपार मी पाहिली नाही.

तीनला साहेबांनी तापमानाचं रजिस्टर उघडलं. नऊला चार, अकराला दहा. “दोन तासांत सहा अंश? दार उघडं राहिल्याशिवाय होत नाही हे. आणि ते तुमच्या शिफ्टमध्ये राहिलं. एवढा माल फेकला!”

ती मान हलवून विचार करत राहिली. मग म्हणाली, “नऊनंतर दोनदा माणूस पाठवला होता क्रेट काढायला. मागे जाऊन दार बघायला हवं होतं. चूक माझी.”

साहेबांनी मला विचारलं, “मॅडम, तुमचं मत?”

मी म्हटलं, “नियम तो नियम.”

जेवण गेलं नाही. झोपते.

४ मार्च, मंगळवार

काल एक गोष्ट लिहिली नाही. तुझ्यापासूनही लपवली — म्हणजे बघ.

चाचणीच्या दिवशी सकाळी नऊची फेरी मी करते. सगळं तपासायचं, सही करायची, मग शिफ्ट उमेदवाराच्या हाती द्यायची. थर्मामीटर कोल्ड रूमच्या आत आहे, अगदी मागच्या भिंतीवर, क्रेटांच्या आड. तिथवर जावं लागतं.

मी गेले नाही. दाराबाहेर उभी राहून ‘४’ लिहिलं आणि सही केली.

का? लेकीचा फोन चालू होता. गुडघा थंडीने धरतो. घाई होती. — तिन्ही खरी आणि तिन्ही खोटी. खरं कारण एवढंच की रोज चारच असतं. हाताने लिहिलं, डोळ्यांनी पाहिलंच नाही.

नऊलाही दहा असेल तर दार उघडं राहिलं नव्हतं. यंत्रच बिघडलं होतं, रात्रीपासून, कदाचित त्याहून आधीपासून. मग तिचं काहीच चुकलं नाही. जे करायला हवं ते तिनेच केलं आणि माझ्या एका आकड्याने तिला दोषी ठरवलं. आणि मी म्हणाले, नियम तो नियम! आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

५ मार्च, बुधवार

आज सांगणार होते. सांगितलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी साडेपाचला सावकाशताईच्या रेस्टॉरंटमध्ये गेले. वहीत लिहायचं निमित्त केलं होतं. खरं म्हणजे तिला सांगायला.

कोल्ड रूमच्या दारावर आता मोठ्या अक्षरांत कागद चिकटवलाय — ‘दार बंद ठेवा’. कोपऱ्यात आचाऱ्याने बारीक अक्षरात जोडलंय: ‘तोंडसुद्धा’.

ती मोरीपाशी होती. मला बघून हात पुसले, स्टूल पुसलं, पुढे केलं. म्हणाली, “मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही शिकवण्यात कसर नाही ठेवली.”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तिने विचारलं, “एक विचारू? सहा अंश चढायला दार किती वेळ उघडं लागतं? म्हणजे मला कळेल, कुठल्या वेळी माझं लक्ष गेलं. चार दिवस तेच आठवतेय. क्रेट काढला तेव्हा मी टेबल सातपाशी होते बहुतेक.”

आणि मी उत्तर दिलं. काय सांगू तुला — मी समजावून सांगितलं! खोली किती मोठी, माल किती, बाहेरची हवा किती गरम, त्यावर असतं. साधारण अर्धा तास धर. हात हलवून, वर्गात सांगते तसं. ती ओल्या बोटांनी एका बिलाच्या पाठीवर लिहून घेत होती. ‘अर्धा तास.’ खाली रेघ मारली.

“पुढच्या वर्षी नाही होणार असं,” म्हणाली. चाचणी वर्षातून एकदाच.

“आई कशा आहेत?” मी विचारलं. विषय बदलायला. केवढा हा नीचपणा!

“शेजारीण बसते पाचपासून. कुरकुरते, पण बसते. आई तिच्यासमोर पाणीपण मागत नाही, ओशाळते.”

निघाले. दारापर्यंत पोचवायला आली.

८ मार्च, शनिवार

सासूबाई ताटावरून म्हणाल्या, “मीठ दोनदा पडलंय. मनात काय शिजतंय?” मी म्हटलं काही नाही, आई. सगळं संपवलं त्यांनी. खारट असूनही.

नंतर ह्यांना सांगितलं. सगळं. हे टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत होते — बंद नाही केला.

“एका आकड्यासाठी?”

“एका माणसासाठी.”

“बरं, माणसासाठी. पण तू काय कुणाचा गळा कापलास का? पुढच्या वर्षी तिला तूच पास कर. कुणाला कळणारही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ तिची झाकलेली नाही ना. तिची सगळ्यांसमोर उघडली.”

हे टीव्हीकडे बघत म्हणाले, “शिकवण्याचा परवाना गेला तर काय करशील? सेहेचाळीसाव्या वर्षी मोरीवर उभी राहशील?”

वाईट हेतूने नाही म्हणाले. पण मी तेव्हापासून तेच चित्र बघतेय, आणि खरं सांगते, मला भीती वाटली. भीती मोरीची नव्हती. सावकाशताई मला स्टूल पुसून देईल, याची.

११ मार्च, मंगळवार

साहेबांना पत्र लिहायला बसले. तीन खर्डे.

पहिला: ‘नऊच्या नोंदीत त्रुटी राहून गेली असावी.’ राहून गेली! जणू त्रुटी आपल्या पायांनी चालत आली आणि बसली. फाडला.

दुसरा: तीन पानं. माझी चोवीस वर्षं, किती जणांना घडवलं, गुडघा. वाचताना मलाच माझी दया आली. तो तर लगेच फाडला.

तिसरा: ‘३ मार्चला सकाळी नऊ वाजता मी आत न जाता तापमान चार लिहिलं. मी थर्मामीटर पाहिला नव्हता. उमेदवाराचा निकाल त्या खोट्या आकड्यावर लागला आहे. तो रद्द करावा.’

घेऊन ऑफिसला गेले. साहेब गुरुवारपर्यंत दौऱ्यावर. जिना उतरताना इतकं हलकं वाटलं की शेवटच्या पायरीवर थांबले. सुटका झाल्याचा आनंद झाला होता मला! त्याची लाज वेगळी. आता लाजांचाही हिशेब ठेवायचा की काय.

१३ मार्च, गुरुवार

दिलं.

साहेबांनी उभ्याउभ्याच वाचलं, मग बसले, मग परत वाचलं. घडी घालून खणात ठेवलं.

“मॅडम, हे माझ्यापाशी राहू दे.”

“आणि तिचा निकाल?”

“निकाल फिरवला तर का फिरवला हे सगळ्यांना सांगावं लागेल. उद्या वर्गात तुमचं कोण ऐकेल? तुमच्यासारखी नियमाची माणसं आणायची कुठून मी?”

“नियमाची?” माझा आवाज चिरकला. शेजारच्या टेबलावरचा कारकून वर बघायला लागला.

“हळू बोला. एकदा झालं. माणूस आहे, होतं. आणि मला सांगा, नऊला चार नव्हतंच, हे तरी कशावरून? तुम्ही न बघता लिहिलंत, पण बरोबर लिहिलं असेल!”

दाराशी जाऊन परत फिरले आणि म्हटलं, “मग फ्रीजवाल्याला बोलवा. यंत्र उघडून बघू दे. तोवर मी वर्ग घेणार नाही.”

चोवीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला नाही म्हटलं. साहेबांनी चिडून का होईना, फोन लावला.

घरी येऊन पोटभर जेवले. वाटलं, माझं एक पाप होतं, ते सांगून झालं. आता यंत्राचं यंत्र बघेल.

१५ मार्च, शनिवार

फ्रीजवाल्याने यंत्र उघडलं. त्यात दर पंधरा मिनिटांचं तापमान साठवलेलं असतं, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. बावीस फेब्रुवारीपासून आजपर्यंत ते एकदाही सातच्या खाली आलेलं नाही. तीन तारखेनंतरही नाही. नवा माल भरला, दारावर कागद चिकटवला, आणि त्याच खोलीतलं लोकांना खाऊ घालत राहिलो. मधल्या काळात पोट बिघडल्याच्या चार तक्रारी आल्या होत्या. आम्ही सूपला दोष दिला.

साहेबांनी शेजारी आमचं रजिस्टर ठेवलं. रोजच्या चार नोंदी. सात लीडरांच्या सह्या. प्रत्येक रकान्यात चार. चार. चार. एकाच रकान्यात दहा.

“सातही जणांना एकच खोटं सुचलं कसं?” साहेब विचारत होते.

मला माहीत आहे कसं. वर्गाच्या दुसऱ्या दिवशी मी एक भरलेलं पान वाटते. कधीतरी घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून, सुवाच्य अक्षरात मीच भरलेलं. ‘असं भरायचं,’ म्हणते. सगळ्या रकान्यांत चार.

सातही जण माझ्याकडे पहिल्या वर्गात पास झालेले.

उद्या: चारच्या आत सावकाशताईच्या घरी जाणे, तिच्या आईसमोर सगळं सांगणे.