डाव्या कानातला सूर

अहेरी,
१६ नोव्हेंबर २०२५

मोहसीन,

एकोणीस वर्षं काही लिहिलं नाही, त्याची माफी आधी मागतो. बाकी कशाची मागायची ते पुढे येईलच. तू कोरपन्याला कारखान्यातल्या मोटारी दुरुस्त करतोस, बरा आहेस, एवढं तुझ्या बहिणीकडून कळतं. इथे धानाची कापणी चालू आहे.

गेल्या महिन्यात सायमानं तुझी जुनी वही आणून दिली. म्हणाली, "भाईनं सांगितलं, आदेशभाऊले देऊन दे." पहिला विचार आला, आत्ताच का? वहीत आपल्या जुन्या कॉम्प्युटरचा नकाशा होता. कीबोर्डातच सगळं यंत्र असलेला, टीव्हीला जोडायचा तो. त्याच्या आवाजाच्या चिपमधून तीन सूर वेगळे निघतात आणि पुढे एकाच तारेत कोंबले जातात. ते आधीच वेगळे काढायचे; एक डाव्या कानाला, एक उजव्या, तिसरा दोन्हीकडे. झाला स्टिरिओ. खाली तू पेन्सिलीनं लिहिलं होतंस, 'आधी चिप काढून पाय पाह्यजो.' ती ओळ मी मुद्दाम सोडली. वाटलं, चिप मोडायला लावतो आहेस. बाकीची प्रत्येक रेघ मीटर लावून तपासली. चूक निघाली नाही, म्हणून आणखी संशय आला.

तारा जोडून हेडफोनवर आपण दोघांनी या मशीनवर रचलेली धून लावली. उजवीकडे माझा सूर, मध्ये ठेका, डावीकडे काहीच नाही. डावा सूर तू बसवला होतास.

लिहायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. २००६ साली बंद पडलेलं मशीन तुझ्या दुकानातून चालू होऊन आलं, पण एक सूर गमावून. तू चांगली चिप काढून खराब बसवलीस, असं मी बाजाराच्या दिवशी नानाजीच्या पानठेल्यापुढे सगळ्यांदेखत म्हणालो होतो. तू म्हणालास, "अबे, मशीन आण न इथी. तुह्यासमोर खोलून दाखवतो."

"चोराले परत चावी देऊ काय?" मी म्हटलं. लोक हसले. मग तुझ्याकडे रेडिओ टाकणं त्यांनी बंद केलं.

आता पुराव्यासाठी चिप उचकटली. एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. भाग बदलला तर कळावं म्हणून दुरुस्तीला टाकण्याआधी लोक आतल्या भागांवर खूण करून ठेवतात, तशी मीही केली होती. तुला दिसू नये म्हणून चिप काढून तिच्या पोटाला माझ्या बहिणीच्या, वच्छलाच्या नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि ती पुन्हा दाबून बसवली.

ठिपका तिथेच होता. शेजारी चिपचा एक पाय खाचेत न जाता आत दुमडलेला. माझ्याच अंगठ्यानं.

तरी मन म्हणालं, ठिपका मोहसीननं नंतर लावला असेल. पण तो वच्छलालाही माहीत नव्हता. मग खूण केली होती, तर तेव्हाच उघडून का पाहिली नाही? पुढचं वाक्य चार वेळा खोडलं. ठिपका सापडला असता, तर बाजारात बोललेलं गिळावं लागलं असतं.

चिमट्यानं पाय सरळ केला. तुटला नाही. डावीकडून तुझा सूर आला. चौथ्या ओळीत तू घाई करायचास, तशीच आहे.

हे पत्र बंद पाकिटातून येईल. चोर मात्र मी तुला उघड्यावर म्हटलं होतं.

तुझा (हा शब्द ठेवायचा की नाही, तू ठरव),
आदेश

उद्या : बाजार भरला की नानाजीच्या पानठेल्यापुढे उभं राहून ठिपक्याची गोष्ट सांगणे.